मधे विरळ

गावाकडे व्हॉल्व्ह म्हणजे विहिरीच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह.
कचरा अडकला की मोटर नुसतीच गुरगुरायची.
इथे ब्लॅकबर्नमध्ये व्हॉल्व्ह म्हणजे बोटाएवढी काचेची नळी,
आत हवासुद्धा नाही,
मधोमध तापणारी एक काडी, भोवती पत्र्याचं कवच,
आणि दोघांच्या मधे जाळी.

अण्णा रात्रीचं दारं धरायचे.
ढेकूळभर चिखल इकडचा तिकडे केला
की अख्खा पाट वाफा बदलायचा.
जाळीचं काम तेच.
मला हवंय ते एवढंच:
ढेकूळ जेवढं सरकवलं तेवढंच पाणी हलावं.
अण्णांना ते कधीच जमलं नाही,
पण त्यांच्या उसाला त्याची गरजही नव्हती.

दिवसभर फार्मसीत गोळ्या मोजते,
रात्री मागच्या शेडमध्ये मिलिअँपिअर.
बिस्किटांच्या डब्यात अकरा नळ्या,
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या,
अ‍ॅक्रिंग्टनच्या लिलावात नऊ पौंडांना पडल्या.
एकेक सॉकेटमध्ये बसवायची,
चहाचा कप संपेपर्यंत तापू द्यायची,
मग आलेखाच्या कागदावर
उणे एक, उणे दोन, उणे तीन.

ट्रायोड भिडस्त. दाब वाढला की धारा सोडत जातो.
पेंटोड आडमुठा. दाब दुप्पट करा,
धारा आहे तेवढीच, रेघ आडवी.
आडव्या रेघांमधलं अंतर सारखं आलं,
एकरेघी वहीसारखं,
की ती नळी माझी.

दोन म्हाताऱ्या निघाल्या, तापतात पण देत काही नाहीत.
एकीला पेन्सिलने टिचकी मारली तर स्पीकरमध्ये घंटा वाजली.
नववीच्या रेघा वर ऐसपैस,
खाली येता येता एकमेकींच्या अंगावर.
लाल पेन्सिलीने लिहिलं: खराब.

रविवारी दोन घरं सोडून राहणारी डोरीन एंटविसल आली,
आठवड्याच्या गोळ्यांची डबी न्यायला.
एकोणनव्वद वर्षांची. गुडघा धरत शेडची पायरी चढली,
आणि डबी विसरून भिंगच उचललं.

"ही खराब नाही गं," ती म्हणाली.
"ही आम्ही मुद्दाम अशी गुंडाळायचो.
दोन्ही टोकांना दाट, मधे विरळ.
रेडिओसाठी. शेजारचं स्टेशन अंगावर आलं
तरी नळीने बिथरू नये,
आणि लांबचं अगदी बारीक असलं तरी ऐकू यावं."

सतरा वर्षांची असताना लागली होती कारखान्यात.
पांढरा कोट, केस टोपीत,
तोंडाला पावडर लावायची बंदी,
एक कण आत गेला तर अख्खी नळी वाया.
केसाहून बारीक तार, भिंगाखाली.
सांगता सांगता तिची बोटं हवेत फिरायला लागली,
फिरता फिरता मधे जरा सैल झाली,
पुन्हा आवळली.
तिच्या ते लक्षातही आलं नाही.

"मग तुझ्या यंत्रात चालेल का?"
नाही, म्हटलं. मला सारख्या अंतराच्या हव्यात.
"बरोबर आहे," ती म्हणाली, जरा तुटकपणे,
जशी मी तिच्या एखाद्या बहिणीला
नोकरी नाकारली होती.

ती गेल्यावर 'खराब' खोडायला घेतलं.
लाल पेन्सिल खोडरबराला दाद देत नाही,
नुसता गुलाबी डाग पसरला.
चार नळ्या निवडल्या. नववी खिडकीत उभी केली,
कशासाठी ते ठाऊक नाही.

मग दिसलं, डबी बाकावरच राहिली.
सोमवारच्या ओळीत
सकाळी गोळ्या दाट, दुपारी एखादी, रात्री पुन्हा दाट.
डबी घेऊन तशीच निघाले.
शेडमधला दिवा विझवला,
नळ्या बंद करायच्या राहूनच गेल्या.